निळ्या डब्यातील दुफळी

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे त्या मुलखातील नववर्षाच्या, पहिल्या दिवशी, सूर्य उगवण्याचे समयी, नलाइख कसब्यात गोंचिग ग्वाई (ग्वाई म्हणजे राव, थोरांच्या नावास लावतात) यांचे लाकडी कुंपणाआड जो सरंजाम हजर होता त्याची मोजदाद आधी लिहिणे प्राप्त आहे. कारण लढाईत कोणी काय गमावले हे, लढाईआधी काय होते ते ठाऊक असल्यावाचून सांगता येत नाही, आणि पुष्कळ बखरकार नेमके येथेच गोंधळ करतात. तरी होते ते ऐसे. विटांचे घर एक. नमद्याचे गोल घर एक. धुराडी दोन, दोन्ही चालू. कुत्रा एक, नाव बासार, मर्जी वाईट. बूझ, म्हणजे मटण भरलेले मोदक, वाफवलेले साठ आणि गोठवून ठेवलेले नऊशे वीस. मोटारी दोन: एक जपानी, पांढरी, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, जावई दावाखू यांच्या दिमतीची, अंगावर रजई पांघरून उभी, दुसरी रशियन फुर्गोन, राखाडी, पावाच्या लादीसारखी, यजमानांच्या कन्येहून वयाने थोर, अंगावर काहीच नाही. इंजिन तेलाची भांडी तीन: निळा डबा चार लिटरचा, आदल्या दिवशी इंजिनात ओतून तळाशी पेलाभर उरलेला, काळा डबा, यजमानांचा खासगत, आणि अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली, जपानी मोटारीच्या डिकीत. माणसे चार. थंडी, उणे चौतीस अंश.

थोरथोर खानांनी मुलूख जिंकले, नद्या ओलांडल्या, दहा दहा हजार घोडा पुढे घालून शहरे लुटली, आणि त्यांच्या हकीकती पुष्कळांनी लिहिल्या. परंतु पातळ तेलात जाड तेल मिसळले जाऊन एका जावयाची अब्रू कैसी टांगणीस लागली, हा मजकूर आजवर कोणी लिहिला नाही. इतिहासकारांस सवड जाहली नसावी. सबब ही हकीकत, जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता लिहिली आहे. मोजमापे दोनदा तपासली आहेत.

मोहिमेचे कारण खांदजाव. या गोंचिग ग्वाईंच्या थोरल्या भगिनी, वय वर्षे एक्क्याण्णव, मुक्काम खिंडीपलीकडे पन्नास किलोमीटरांवर, नातवाच्या वसतीवर. दस्तूर ऐसा की, पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी धाकट्याने थोराकडे जावे, आपले दोन्ही हात त्याच्या कोपरांखाली धरावे, आणि सुखरूप आहात ना ऐसे विचारावे. गोंचिग ग्वाई स्वतः शहात्तर वर्षांचे. त्यांच्याहून थोर ऐसे माणूस अवघ्या कुळात ती एकच उरली होती. तिला भेटल्यावाचून ते कोणाची भेट स्वीकारीत नसत, आणि त्यांणी स्वीकारल्यावाचून घरात कोणी बूझास हात लावीत नसे. म्हणजे नऊशे ऐंशी बूझांचे भवितव्य एका म्हातारीच्या कोपराखाली अडकले होते. गेल्या वर्षी बर्फाने खिंड बंद पडली आणि ग्वाई पोचले नाहीत. तेव्हा खांदजाव फोनवर इतकेच बोलल्या, "नाही आलास तर नाही. पुढच्या वर्षी ये. मी थांबते." नव्वद वर्षांच्या माणसाने 'थांबते' म्हणणे ही केवढी उधारी, हे ग्वाईंनी कोणास बोलून दाखविले नाही. मात्र वर्षभर ते आकाशाकडे पाहात आणि बर्फाचा अंदाज विचारीत.

आता जावई. दावाखू हे राजधानीत पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीस होते, आणि कोणतीही गोष्ट दोनदा मोजल्यावाचून एकदाही मानीत नसत. फक्त स्वतःच्या मोटारीबद्दल त्यांणी हा नियम शिथिल केला होता. सरत्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, ज्यास बितून म्हणतात, अवघे कुटुंब पोट फुटेस्तोवर जेवण्यास बसले असता, दावाखूंनी कोणी न विचारता जाहीरनामा काढला.

"आव, उद्या फुर्गोन नको. माझ्या गाडीतून जाऊ." आव म्हणजे बाप, सासऱ्यास तिकडे असेच म्हणतात. "उणे चाळीसला पण एका बोटानं चालू होते."

"एका बोटानं?" गोंचिग ग्वाईंनी विचारले.

"एका बोटानं."

"मग बाकीची नऊ कशाला आणलीस?"

देजिद, म्हणजे सासूबाई, हसल्या. सारूल, म्हणजे पत्नी, हसली. आणि दावाखूही हसले, कारण जावई होते. ग्वाईंनी हाड चोखून बाजूस ठेवले आणि हुकूम फर्मावला की, स्वारी उद्या जावयाच्या मोटारीतून निघेल. फुर्गोनची बॅटरी काढून घरात चुलीमागे निजविण्यात आली. येणेप्रमाणे भरल्या ताटावर बसून शब्द दिला गेला आणि घेतला गेला.

तो शब्द वजनदार व्हावा म्हणून दावाखूंनी त्याच दुपारी एक पराक्रम आधीच करून ठेविला होता. बितूनपूर्वी घरातील मळ बाहेर काढावा, जुने वर्ष घाणीसकट पुढे नेऊ नये, ऐसी रीत. दावाखूंनी इंजिन हाही घराचाच भाग धरला, आणि शेजारच्या गरम गॅरेजात जाऊन मोटारीचे काळे पडलेले तेल काढून नवे भरले. तेलांची घराणी अनेक, परंतु या हकीकतीत दोनच. एक शून्य-वीस, पातळ, जे कडाक्याच्या थंडीतही वाहते. दुसरे वीस-पन्नास, जाड, जे तापलेल्या मुलखात शोभते आणि थंडीत आहे तेथेच बसून राहते. जपानी मोटारीस पहिलेच मानवते. दावाखूंनी आधीच आणून सासऱ्यांच्या शेडात ठेविलेल्या निळ्या डब्यावर ठळक अक्षरांत शून्य-वीस लिहिले होते. आणि डब्यावर जे लिहिले तेच डब्यात असते, हा शास्त्र शिकलेल्या माणसाचा भोळा धर्म. गॅरेजात ऊब होती, आणि उबेत जाड तेलही सभ्य वागते. दावाखूंस रंग जरा भरदार वाटला. परंतु सणाचा दिवस म्हणून त्यांणी तो शुभच मानला.

आणिक एक दस्तूर येथे सांगणे जरूर, कारण पुढील सगळा अनर्थ त्याच्याच कडेवर बसून आला. पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी वाईट बोलू नये. बिघडले, बंद पडले, संपले, चुकले ऐसे शब्द ओठांवर आणू नयेत. कोणी काही विचारले तर उत्तम म्हणावे. पहिला दिवस जैसा जातो तैसे वर्ष जाते म्हणतात. त्यामुळे त्या दिवशी अवघ्या मुलखात एकाही माणसाचे काही दुखत नाही.

सूर्य उगवला. गोंचिग ग्वाई नवा निळा देल, म्हणजे लांब झगा, अंगात घालून, कमरेस पिवळा पट्टा आवळून, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी धारण करून आणि निळा रेशमी खदग, म्हणजे मानाचे उपरणे, छातीशी धरून जपानी मोटारीच्या पुढल्या आसनावर विराजमान जाहले. मागे दुधाची किटली ठेवली गेली, खांदजावसाठी नजराणा. देजिद डावात दूध घेऊन फाटकापाशी उभ्या राहिल्या, की मोटार हलली म्हणजे मागून शिंपडावे. दावाखूंनी रजई काढली, आसन ग्रहण केले, उजव्या हाताची तर्जनी सर्वांस दिसेल ऐसी उंच धरली, आणि बटण दाबले.

आतून एक आवाज आला, जैसा कोणी जाडा माणूस झोपेत कूस बदलतो. मग समोर लाल त्रिकोण उजळला आणि शांतता पसरली.

"चालू झाली?" ग्वाईंनी विचारले.

"होतेय, आव."

"आवाज नाही येत."

"हिचा आवाज येतच नाही. शांत गाडी आहे."

"हं." ग्वाई काही काळ ऐकत राहिले. "फारच शांत आहे."

दुसरा हल्ला चढविला. जाड्या माणसाने या वेळी कूसही बदलली नाही.

"हलत पण नाही."

"विचार करतेय, आव."

"शिकलेली दिसते," ग्वाई म्हणाले आणि खदग नीट घडी करू लागले.

फाटकावरून देजिदनी हाक दिली, "निघालात का रे?"

"निघालोच, एज!" दावाखूंनी उत्तर दिले. एज म्हणजे आई. देजिदच्या डावातील दुधावर तोवर बर्फाची साय धरली होती.

तिसऱ्या हल्ल्यानंतर सारूल घराबाहेर आली, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून खिडकीशी वाकली.

"काय झालं?"

"काही नाही. उत्तम आहे."

"खरं सांग, दावा."

"आज खरं सांगायचा दिवस नाही. परवा सांगतो."

मग दावाखू उतरले, बॉनेट उघडले, आणि तेल बघण्याची पट्टी बाहेर ओढली. ती ओढण्यासच दोन्ही हात लागले. पट्टीच्या टोकास तेल लोंबत होते आणि खाली पडण्याचा त्याचा काही इरादा दिसेना. शून्य-वीस ऐसे लोंबत नाही. ते थेंब थेंब गळते, उणे चौतीसातही. दावाखूंनी पट्टी आडवी केली, उभी केली, उलटी केली. काकवी जैसी कढईच्या काठास चिकटून राहते तैसे ते राहिले. तेव्हा शास्त्रज्ञाच्या मनात प्रथमच डब्याविषयी अविश्वास उत्पन्न जाहला, आणि तो फार दुःखदायक असतो.

"हा निळा डबा इथून कुठं गेला होता का?" त्यांणी हळूच विचारले.

"कुठं जाणार? आवच्या शेडमध्येच होता," सारूल म्हणाली.

परंतु देजिदचे कान सणासाठी धुतलेले होते. त्या डाव घेऊन जवळ आल्या, आणि मोठ्या अभिमानाने सांगत्या जाहल्या.

"अरे पोरा, शरदात फुर्गोनची चकती फाटून तेल गळालं ना, तेव्हा तुझ्या आवनी निळ्या डब्यातलं तीन लिटर घेतलं होतं. दुकान बंद होतं. तुला फोन केला होता की. तू म्हणालास, घ्या, तुमचंच आहे."

"म्हणालो होतो, एज."

"मग काय, एक लिटर खडखडत ठेवायचं होतं का आम्ही? घेतलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, तुला माहीत नाही? दुकान उघडल्याबरोबर यांनी काळा डबा आणला आणि त्यातलं तीन लिटर वर ओतलं. काठोकाठ. आणि तुझं ते अगदी पाणी होतं, पोरा. आमचं चांगलं जाड."

"जाड," दावाखू म्हणाले.

"चमचा उभा राहील असं."

"फार उपकार झाले, एज."

येणेप्रमाणे खुलासा जाहला. एक भाग शून्य-वीस, तीन भाग वीस-पन्नास, एकाच निळ्या तख्ताखाली; आणि राज्य कोणाचे ते संख्येनेच ठरलेले. हे कपट नव्हते, गफलतही नव्हती. हे सौजन्य होते. शत्रूने वेढा घातला तर त्यास प्रत्युत्तर देता येते. सासऱ्याने घेतल्यापेक्षा चांगले परत केले तर आभार मानावे लागतात, तेही पहिल्या दिवशी आणि हसतमुखाने.

इतक्यात गोंचिग ग्वाई आसनावरून उतरले. त्यांणी मोटारीकडे पाहिले नाही, तिच्या पोटाखाली पाहिले. मग एकाच शब्दाचे फर्मान सुटले, "निखारे."

रशियन मोटारींचा हा जुना शिरस्ता: परातीत कोळशाचे निखारे घेऊन तेलाच्या चेंबरखाली सरकवावे, म्हणजे लोखंड तापते, तेल वितळते आणि इंजिन शरण येते. चुलीतून परात भरून आली. ग्वाई नव्या देलाची पर्वा न करता बर्फावर बसले आणि परात आत ढकलू लागले.

"आव, हिच्या पोटाखाली प्लास्टिकचं कव्हर आहे," दावाखू म्हणाले.

"असू दे. छान आहे ना?"

"छानच आहे."

"मग?"

'मग?' यास उत्तर देण्यासाठी जो शब्द लागत होता तो त्या दिवशी वर्ज्य होता. वितळेल ऐसे म्हणणे अशुभ. जळेल हे त्याहून. दावाखूंनी पुष्कळ शुभ शब्द मनात फिरवून पाहिले, परंतु प्लास्टिक वितळण्यास शुभ शब्द कोणत्याही भाषेत नाही. तोवर बासार नाक वर करून कुंपणाच्या दुसऱ्या टोकास निघून गेला.

"वास कसला येतोय?" ग्वाईंनी विचारले.

"सणाचा, आव."

पहिला काळा थेंब निखाऱ्यावर पडून फुसफुसला तेव्हा परात बाहेर ओढण्यात आली. या लढाईत जपानी मोटारीची खालची ढाल, तळहाताएवढ्या जागेपुरती, कामी आली. इंजिन अर्धा फेरा फिरले आणि पुन्हा ठाण मांडून बसले. विजेची बॅटरी थंडीने आधीच निम्मी जाहली होती, ती या तीन-चार धक्क्यांत पुरती गळाठली. तर्जनी हातमोज्यात परत गेली.

आता येथे दावाखूंनी जे केले ते अन्य कोणी केले नसते, म्हणून लिहितो. त्यांणी बूझ वाफवण्याचे रिकामे ताट मागवले, ते कुंपणास तिरपे टेकवले, डिकीतील बाटलीचे सील फोडून शुद्ध शून्य-वीसाचा एक थेंब ताटाच्या वरच्या काठाशी ठेवला, आणि त्याच्या शेजारी निळ्या डब्यातील मिश्र तेलाचा दुसरा. पहिला थेंब घरंगळत निघाला आणि दावाखूंनी घड्याळात सेकंद मोजले. दुसरा बसला.

"हे काय?" ग्वाईंनी विचारले.

"शर्यत लावलीय."

"सणाची?"

"सणाचीच."

ग्वाईंनी दोन्ही थेंबांकडे पाहिले आणि जावयाकडे पाहिले. तेव्हाच त्यांच्या देलाच्या पोटात फोन वाजला. पलीकडून खांदजावचा नातू बोलत होता. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की सर्वांस ऐकू आले.

"आबा, आजी विचारतेय, कुठवर आलात? पहाटेपासून टोपी घालून बसलीय. चहा पण घेत नाहीये. म्हणते, आधी तो येऊ दे."

"निघालो म्हणावं," ग्वाई बोलले.

फोन ठेवून ते कुंपणापाशी गेले, आणि खिंडीच्या बाजूस पाठमोरे उभे राहिले. फुर्गोन त्यांच्यापासून दहा पावलांवर होती. तिच्याकडे त्यांणी एकदाही पाहिले नाही. दावाखूंस प्रथम वाटले की म्हातारा विसरला. मग ध्यानी आले की विसरलेला नाही. जावयाने शब्द दिला होता आणि तो भरल्या ताटावर स्वीकारला गेला होता. फुर्गोन काढा ऐसे सासऱ्याने म्हणावे तर जावयाचा शब्द पडला ऐसे होते, आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी घरच्या माणसाचा शब्द पाडणे हे अशुभांत अशुभ. म्हणून ते उभे होते. पन्नास किलोमीटरांवर एक म्हातारी टोपी घालून उपाशी बसली होती, आणि येथे एक म्हातारा जावयाची लाज राखण्यासाठी बर्फात उभा होता. आणि या दोहोंच्या मध्ये फक्त एक तर्जनी होती.

दावाखू त्यांच्यापाशी गेले.

"आव, माझी गाडी आज उत्तम विश्रांती घेतेय," ते म्हणाले. "आपण फुर्गोन काढू या का? मला फार दिवसांची हौस आहे."

ग्वाईंनी मान वळवली. "हौस आहे?"

"फार."

"मग जावयाची हौस मोडायची नाही," ग्वाई म्हणाले, आणि शहात्तर वर्षांचे ते खासे अक्षरशः धावत चुलीकडे गेले, आणि बॅटरी काखेत घेऊन आले. निखाऱ्यांची परात फुर्गोनच्या लोखंडी चेंबरखाली गेली, जेथे वितळण्यासारखे काही नव्हतेच. बॅटरी जोडली. दुधाची किटली इकडे हलविली. मग ग्वाईंनी पुढून लोखंडी हँडल घातले आणि जावयास फर्मावले की, फिरव.

दावाखूंनी ताकद लावली आणि पडता पडता वाचले, कारण हँडल ताकदीच्या मानाने फारच हलके फिरले.

"आज सैल फिरतंय," ग्वाई म्हणाले.

"फिरतंय, आव."

चार फेऱ्यांत फुर्गोन खोकली, पाचव्यात गरजली, आणि निळ्या धुराने अवघे परस भरून गेले. ग्वाईंचा चेहरा उजळला.

"पाहिलंस? जाड तेलाची करामत. थंडीत जाडच पाहिजे, पांघरुणासारखं."

या क्षणी दावाखूंनी जी जीभ आवरली, तिची नोंद या बखरीत तलवार गाजवल्याच्या बरोबरीने व्हावी. त्यांस ठाऊक होते की, त्या राखाडी लादीच्या पोटात या घटकेस तीन लिटर शून्य-वीस खेळते आहे, त्यांचे स्वतःचे, सीलबंद विकत घेतलेले. आणि त्यांच्या पांढऱ्या मोटारीच्या पोटात सासऱ्याची करामत हातपाय पसरून बसली आहे. त्यांस हेही ठाऊक होते की, निखारेही होते, चुलीमागे ऊब खाल्लेली बॅटरीही होती, आणि एका वेळी तीन गोष्टी बदलल्यावर श्रेय कोणास द्यावे हे शास्त्र सांगू शकत नाही. सासरे सांगू शकतात.

"पांघरुणासारखं," दावाखू म्हणाले. "खरं आहे, आव."

देजिदच्या डावातील दूध आता दगड जाहले होते. त्यांणी ते डावासकट हलवून शिंपडल्यासारखे केले, आणि सासरे-जावयांच्या स्वारीने कूच केले.

मार्गी वर्णावे ऐसे थोडे. खिंडीवर दगडांचा ओवो, म्हणजे वाटेवरील देवाची रास, आला तेव्हा ग्वाईंनी दस्तुराप्रमाणे तीनदा हॉर्न वाजवला. दोनदाच वाजला, तिसऱ्यांदा हाताने थोपटावा लागला. परंतु दावाखूंची दृष्टी ओवोवर नव्हती, ती तेलाच्या दाबाच्या काट्यावर होती. इंजिन थंड असता पातळ तेल उपकार करते. तेच इंजिन तापले आणि जुने असले म्हणजे पातळ तेल फटीफटींतून पळ काढते. चढावर काटा खाली येऊ लागला आणि लाल रेघेशी सलगी करू लागला.

"आव, जरा सावकाश चालवा ना," दावाखू म्हणाले.

"का? काही आहे का?"

"नाही, देखावा फार सुंदर आहे."

ग्वाईंनी बाहेर पाहिले. बाहेर बर्फ होता, त्यापलीकडे बर्फ होता, आणि मध्ये एक विजेचा खांब.

"खांब बरा आहे," ते म्हणाले, आणि पाय उचलला. इंजिन जरा निवले आणि काटा रेघेवरून हलला. पुढे दर चढास जावयाने देखाव्याची तारीफ करावी आणि सासऱ्याने वेग कमी करावा, ऐसे मुक्काम दरमुक्काम चालले. शेवटच्या चढावर तर ग्वाई आपण होऊन म्हणाले, "इथला देखावा पण तुला आवडेल," आणि गाडी चालत्या माणसाच्या गतीने नेली. तेव्हा दावाखूंस संशय आला की, काटा म्हाताऱ्यासही दिसतो.

वसतीवर पोचले तेव्हा धुराड्यातून सरळ उभा धूर निघत होता. खांदजाव उत्तरेच्या मानाच्या जागी, टोपी घालून, पाठ ताठ करून बसल्या होत्या. समोर चहाचा वाडगा होता, भरलेला, आणि त्यावर साय जमून सुरकुतली होती. गोंचिग ग्वाई आत गेले, हातांवर खदग पसरला, बहिणीसमोर वाकले आणि आपले दोन्ही हात तिच्या कोपरांखाली धरले.

"सुखरूप आहेस ना, एगच?" एगच म्हणजे थोरली बहीण. अवघ्या मुलखात ग्वाईंनी हा शब्द आता एकाच माणसास वापरावा ऐसे उरले होते.

"सुखरूप," त्या म्हणाल्या. "परत कर."

"काय?"

"भेट. मागच्या वर्षीची राहिलीय ना. ती पण घे."

ग्वाईंनी हात सोडले, पुन्हा वाकले आणि पुन्हा धरले. या खेपेस ते पुष्कळ वेळ तैसेच राहिले, आणि त्यांची कोल्ह्याची टोपी हलत होती. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आणणेही वर्ज्यच. परंतु ते धुराकडे लावण्याची सोय प्रत्येक घरात असते.

मग चहा बदलला गेला, खांदजावनी पहिला घोट घेतला, आणि जावयाकडे मोहरा वळवला.

"हाच का तो? याच्या गाडीतून येणार होतास ना? एका बोटानं चालू होते म्हणे."

देजिदनी फोनवर बितूनचा अवघा दरबार तिकडे कळविला होता हे उघड जाहले. दावाखूंनी उत्तम हा शब्द तोंडात घोळविला.

उत्तर गोंचिग ग्वाईंनीच दिले. "त्याच्याच तेलावर आलो, एगच," ते बूझ उचलीत म्हणाले. "फुर्गोनमध्ये तीन लिटर त्याचं आहे. शरदात घेतलेलं. पाण्यासारखं असतं, पण पळतं."

दावाखूंनी वाडगा खाली ठेवला.

"म्हणजे आव, तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत होतं?" ग्वाईंनी विचारले. "आज काही माहीत नसतं. खा."

निघतेवेळी दुधाची किटली परत आली. ती रिकामी नव्हती. खांदजावनी तीत मेंढीच्या शेपटीची चरबी दाबून दाबून भरली होती, काठोकाठ, चमचा उभा राहील ऐसी. दावाखूंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळास लावली.

येणेप्रमाणे पांढऱ्या महिन्याचे पहिल्या दिवशी, दोन तेलांची दुफळी असता, गोंचिग ग्वाईंनी खिंडीपलीकडील मोहीम फत्ते केली. चालू वर्षाची भेट आणि गेल्या वर्षीची थकलेली भेट, दोन्ही वसूल जाहल्या. आमचे पक्षी प्लास्टिकची एक ढाल कामी आली. वाईट शब्द कोणाचे तोंडून निघाला नाही. स्वारी सूर्य टेकताना परसात दाखल जाहली. बासार भुंकला. ग्वाई कुंपणापाशी थांबले, जेथे ताट सकाळपासून तिरपे उभे होते, आणि त्यांणी वाकून पाहिले.

"कोण जिंकलं?" त्यांणी विचारले.

दावाखूंनी खिशातून मोजपट्टी काढली, ताटास लावली आणि दोनदा मोजले.

शुद्ध शून्य-वीस: अडतीस सेंटिमीटर, नऊ सेकंदांत. एकास तीन मिश्रण: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, सहा सेंटिमीटर.